कुंपणावरचे हवामान खाते

अमेरिकेत स्वतःचे घर घेतले की माणूस हळूहळू गवत कापायला, बर्फ उपसायला आणि हार्डवेअरच्या दुकानात विनाकारण तासभर फिरायला शिकतो. मीही शिकलो. त्याच ओघात, राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात मी मागच्या कुंपणाजवळ एक लोखंडी पाईप पुरला आणि त्याच्या टोकावर एक पांढरे यंत्र बसवले. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते. "टीव्हीची अँटेना का?" त्यांनी विचारले. मी अभिमानाने सांगितले की हे वायरलेस वेदर स्टेशन आहे. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस सगळे आपोआप मोजते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "छान आहे. आता त्याच्या शेजारी पाऊस मोजायचे एक साधे मापही लाव."

मी इंजिनिअर. पीएचडी केलेला. संशोधनाच्या नोकरीत रोज सेन्सरशी खेळणारा. आणि हे मला प्लास्टिकची नळी लावायला सांगत होते! मी हसून विषय बदलला. त्यांचे म्हणणे मला पटायला एक वर्ष लागले, आणि त्या वर्षात मी यंत्रापेक्षा या देशात पाऊस मोजणाऱ्या माणसांबद्दलच जास्त वाचले. आजचा लेख त्याबद्दल.

आधी यंत्राबद्दल थोडेसे, कारण भारतातही आता अशी स्टेशने मिळतात आणि मला बरेच जण विचारतात. खांबावरच्या भागात थापीसारख्या एकावर एक ठेवलेल्या पांढऱ्या बशांच्या आत तापमानाचा आणि आर्द्रतेचा सेन्सर असतो. बशा कशासाठी? तर हवा आत खेळावी आणि ऊन आत शिरू नये म्हणून. वर वाऱ्याच्या तीन वाट्या गरगर फिरतात. ही वाट्यांची कल्पना आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सनची, १८४६ सालची. शेजारी पाऊस मोजायची चाडी. छोट्या सौर पॅनेलवर आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ दर काही सेकंदांनी हे सगळे आकडे घरात ठेवलेल्या डब्याकडे पाठवतो. तिथून ते इंटरनेटवर जातात.

लावणे सोपे आहे, नीट लावणे अवघड आहे. पहिल्या दिवशी हवेचा दाब दिसला ८४५ मिलिबार. मला वाटले यंत्रच बिघडके आले. मग डोक्यात प्रकाश पडला की आमचे गाव, फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो राज्यात समुद्रसपाटीपासून जवळजवळ ५,००० फूट उंचीवर आहे. बातम्यांत सांगतात तो दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. आपल्या जागेची उंची यंत्राला सांगावी लागते. मी ती सांगितली नव्हती. पत्रिकेतले ते पान मी वाचलेच नव्हते.

पुढे ऑगस्टमध्ये माझ्या स्टेशनवर रोज पहाटे पाच वाजता पाऊस पडू लागला. सगळे गाव कोरडे, माझ्या अंगणात मात्र रोज ठरावीक पाऊस. चार दिवसांनी लक्षात आले की गवताचा स्प्रिंकलर पाईपच्या अंगावर पाणी उडवतो. खांब हलवला. आधी तो पश्चिमेच्या भिंतीजवळ होता, त्यामुळे दुपारी भिंत तापून तापमान तीन-चार अंश जास्त दिसायचे, तेही सुटले. पहिल्या थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या उणे वीसला निजल्या. लिथियमच्या घातल्यावर कारभार सुरळीत झाला. एका उन्हाळ्यात चाडीत कोळ्याने घर केले आणि तीन आठवडे पाऊस शून्य. शेतात पाणी साचलेले दिसते आहे आणि घरातला डबा म्हणतो आहे की सगळे कोरडे! घरात यावरून माझी जी चेष्टा झाली ती इथे सांगण्यासारखी नाही.

असो. आजोबांकडे वळतो. ते इथे चाळीस वर्षे राहतात. त्यांना "साधे माप लाव" असे का वाटले ते त्यांनी एका संध्याकाळी सांगितले. ते १९९७ सालच्या पुराबद्दल बोलत होते.

हा पूर मला आधी वेगळ्याच वाटेने माहीत झाला होता. मी इथल्याच कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायला आलो तेव्हा मॉर्गन लायब्ररीत एक जुने जर्नल हातात आले. त्याची सगळी पाने पापडासारखी उठलेली. कपाटातल्या रांगच्या रांग अशीच. ग्रंथपाल बाईंनी सांगितले की ही बुडालेली पुस्तके आहेत. २८ जुलै १९९७ च्या रात्री लायब्ररीचे तळघर पाण्याने भरले आणि चार लाखांहून अधिक पुस्तके भिजली. ती गोठवून, मग गोठलेल्या अवस्थेतच वाळवून त्यातली बरीचशी वाचवली. पुस्तक वाळवायला आधी गोठवतात हे मला तोवर माहीत नव्हते.

त्या रात्री गावाच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, पावसाचा ढग जागचा हललाच नाही. आदल्या दिवशीच्या पावसासह ३१ तासांत तिथे साडेचौदा इंच पाऊस पडला. इथे वर्षभरात पंधराएक इंच पडतो! स्प्रिंग क्रीक नावाचा एरवी उडी मारून ओलांडता येईल असा ओढा फुगला, रेल्वेच्या बांधाशी तुंबला आणि बांधावरून खालच्या ट्रेलर पार्कमध्ये कोसळला. पाच माणसे गेली. आणि त्याच गावाच्या पूर्व बाजूला, पाच-सहा मैलांवर, दोन इंचांच्या आतबाहेर पाऊस. तिथले लोक शांतपणे झोपले. रडारनेही त्या रात्रीचा पाऊस होता त्यापेक्षा बराच कमी दाखवला.

विद्यापीठातले हवामानाचे ठिकाण १८८९ पासून नोंदी ठेवत आले आहे. पण ते एक ठिकाण. एका बिंदूवरून नकाशा निघत नाही. तेव्हा राज्याच्या हवामान केंद्रात काम करणाऱ्या नोलन डोस्कन यांनी लोकांनाच विचारायचे ठरवले. वर्तमानपत्रे आणि रेडिओवरून आवाहन केले: तुमच्या अंगणात काही मोजले गेले असेल तर कळवा. माप असेल तर उत्तम. नसेल तर बादली, पिंप, बाहेर राहिलेली हातगाडी, जे काही भरले असेल ते सांगा. तीनशेच्या वर लोकांनी कळवले. त्या आकड्यांवरून त्या रात्रीचा नकाशा तयार झाला, आणि पश्चिमेकडचा तो साडेचौदा इंचांचा डाग पहिल्यांदा दिसला. आमच्या आजोबांनीही त्यांच्या बादलीचा आकडा कळवला होता. ते सांगताना ते अजूनही जरा ताठ बसतात.

मला खरे आश्चर्य वाटले ते याचे की विचारल्याबरोबर तीनशे लोकांकडे आकडे कसे काय निघाले? आपल्याकडे पुराच्या दुसऱ्या दिवशी कोणी असे आवाहन केले असते तर लोकांनी काय सांगितले असते? "कमरेइतके पाणी होते", "आयुष्यात असा पाऊस पाहिला नाही". खरेच असते ते. पण आकडा नसतो. ही मोजायची सवय यांना कुठून लागली, ते शोधत मी थेट १७७६ पर्यंत मागे गेलो.

४ जुलै १७७६ हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा टॉमस जेफरसन फिलाडेल्फियात होता. त्याने त्या दिवसांत नवा थर्मामीटर घेतला होता, आणि त्या ऐतिहासिक दिवशीही त्याने नोंद केली आहे: सकाळी सहाला ६८ अंश, दुपारी एकला ७६. फॅरनहाइट अर्थात. राष्ट्र जन्माला येते आहे आणि हा गृहस्थ दिवसातून चार वेळा पारा बघतो आहे! पुढे चाळीस वर्षे त्याने ही नोंदवही चालवली. १७७८ मध्ये तर त्याने माँटिसेलोच्या टेकडीवरून आणि त्याचा मित्र जेम्स मॅडिसन (राष्ट्राध्यक्ष झालेला नव्हे, त्याचा चुलतभाऊ, विल्यम अँड मेरी कॉलेजचा प्रमुख) याने विल्यम्सबर्गमधून, एकाच वेळी मोजण्याचा प्रयोग केला. दोन ठिकाणी, एका वेळी. हवामानशास्त्र खऱ्या अर्थाने सुरू होते ते इथे. एका जागचा आकडा म्हणजे रोजनिशी; दोन जागांचे आकडे एका वेळचे असले की तुलना सुरू होते.

तुलनेचे जाळे विणले जोसेफ हेन्रीने. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे नाव इंडक्टन्सच्या एककामुळे माहीत असते. मला तेवढेच माहीत होते. हा हेन्री १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा पहिला सचिव झाला आणि त्याने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांत हवामानाचे काम होते. १८४९ मध्ये दीडशे स्वयंसेवक होते, दहा वर्षांत पाचशेच्या वर गेले. शेतकरी, शाळामास्तर, डॉक्टर, पाद्री. पगार शून्य. दर महिन्याला छापील फॉर्म भरून टपालाने पाठवायचा. या कागदांचा ढीग पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजचे प्राध्यापक जेम्स कॉफिन यांच्याकडे जाई आणि तिथे माणसे बसवून हाताने बेरजा-सरासऱ्या होत.

टपालाने महिन्याचा पाऊस कळतो, उद्याचा नाही. पण टेलिग्राफ तेव्हा नुकताच पसरत होता. तारऑफिसातले लोक सकाळी लाइन उघडली की आपल्या गावची हवा कळवत. १८५६ मध्ये हेन्रीने स्मिथसोनियनच्या इमारतीत एक मोठा नकाशा टांगला आणि त्यावर गावोगाव खिळ्यांना रंगीत चकत्या अडकवल्या. ऊन, ढग, पाऊस, बर्फ यांना वेगवेगळे रंग. रोज सकाळी तारा आल्या की चकत्या बदलायच्या. लोक तो नकाशा बघायला गर्दी करत. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या 'ईव्हनिंग स्टार'मध्ये हे हवामान छापून येऊ लागले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तारा सैन्याच्या कामाला लागल्या आणि चकत्या थांबल्या.

पुढचा भाग भराभर सांगतो. मिलवॉकीचा इन्क्रीज लॅपहॅम, हाही स्मिथसोनियनचा जुना स्वयंसेवक, ग्रेट लेक्सवर वादळांत बुडणाऱ्या जहाजांची कात्रणे जमवून खासदाराच्या मागे लागला. ९ फेब्रुवारी १८७० रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि सरकारी हवामान सेवा सुरू झाली, तीही लष्कराच्या सिग्नल खात्यात. १८९० च्या कायद्याने ती शेती खात्याकडे आली. आता प्रश्न असा की सरकारी खाते आल्यावर स्वयंसेवकांना घरी पाठवतील की नाही? आपल्याकडे नक्की पाठवले असते. इथे उलटे झाले. शेतीसाठी दाट नोंदी हव्या होत्या आणि इतके पगारी लोक ठेवणे परवडणार नव्हते, म्हणून खात्याने मापे पुरवायची आणि लोकांनी मोजायचे अशी रीतसर पद्धतच झाली. ती आजही चालू आहे. देशात आठ हजारांहून अधिक असे 'कोऑपरेटिव्ह ऑब्झर्व्हर' आहेत.

त्यांच्यातले माझे आवडते म्हणजे रिचर्ड हेन्ड्रिक्सन. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ब्रिजहॅम्प्टन गावचे शेतकरी. १९३० मध्ये, वयाची अठरा पूर्ण व्हायच्या आधी, त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि २०१४ पर्यंत रोज मोजत राहिले. ८४ वर्षे. मध्ये महामंदी, महायुद्ध, १९३८ चे प्रचंड चक्रीवादळ, सगळे येऊन गेले. हवामान खात्याने दीर्घ सेवेच्या पुरस्काराला त्यांचेच नाव दिले. २०१६ मध्ये ते १०३ वर्षांचे होऊन गेले. माझे वायरलेस स्टेशन तीन वर्षांत दोनदा दुरुस्त करून झाले आहे, हे मी शेजारी मांडून ठेवतो.

तर अशी पूर्वपीठिका असलेल्या देशात १९९७ चा पूर आला, म्हणून तीनशे आकडे निघाले. डोस्कन मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या पुरापर्यंत वाट पाहून मग बादल्या शोधण्यात काय अर्थ? १९९८ च्या उन्हाळ्यात त्यांनी गावातल्याच लोकांना एकसारखी मापे देऊन मोजायला बसवले. शाळकरी मुलांपासून निवृत्त लोकांपर्यंत. गारा मोजण्यासाठी थर्मोकोलच्या पाटीवर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून अंगणात ठेवायचा. गारांचे खळगे पडले की त्यांवरून गारांचा आकार आणि संख्या. याला मी पैकीच्या पैकी मार्क देतो! या जाळ्याचे नाव कोकोरॉझ. २०१० पर्यंत ते पन्नासही राज्यांत गेले आणि मग कॅनडातही. हजारो लोक रोज सकाळी सातच्या सुमारास आपला आकडा कळवतात.

माप म्हणजे चार इंच व्यासाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, वर चाडी, आत एक बारीक नळी. नळीचा छेद तोंडाच्या एक दशांश, त्यामुळे एक इंच पाऊस नळीत दहा इंच उंच दिसतो आणि इंचाचा शंभरावा भाग डोळ्यांनी वाचता येतो. बॅटरी नाही, रेडिओ नाही. कोळी गेला तर दिसतो.

एका नियमाने मी सुरुवातीला वैतागलो. पाऊस पडला नाही तरी शून्य कळवायचे. रोज. मला वाटायचे, नाही पडला तर काय कळवायचे? पण न कळवलेला दिवस आणि कोरडा दिवस यांत फरक आहे. नकाशा काढणाऱ्याला पहिल्याचा उपयोग नाही, दुसऱ्याचा आहे. ढगाची कड कुठे संपली हे शून्यानेच कळते. ज्या देशाने शून्य दिले त्या देशातल्या माणसाला हे अमेरिकन आजोबांनी समजावून सांगावे लागले. चालायचेच.

हो, मी माप लावले. कशामुळे ते सांगतो. त्या जुलैत एका दुपारी चाळीस मिनिटे गारांचा पाऊस झाला. माझ्या वायरलेस स्टेशनने सांगितले १.३७ इंच. आजोबांच्या मापात १.६६. कुंपण एक, ढग एक, आणि तफावत पावसाच्या जवळपास पंचमांश! मी आधी त्यांच्या मापावर संशय घेतला. मग माझे यंत्र उघडले. त्याच्या पोटात सी-सॉसारखी दोन चमच्यांची डुलती पन्हाळ आहे. एका चमच्यात इंचाच्या शंभराव्या भागाइतके पाणी भरले की तो कलंडतो, दुसरा वर येतो, चुंबकामुळे एक टिचकी नोंदली जाते. ही युक्ती सेंट पॉल कॅथेड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनची, १६६० च्या दशकातली; साडेतीनशे वर्षांत मूळ कल्पना तीच आहे. गोम अशी की चमचा कलंडत असतो त्या क्षणात पडलेले पाणी मोजले जात नाही. रिमझिमीत काही बिघडत नाही. पण मुसळधार पावसात चमचे धापा टाकत राहतात आणि पाणी निसटत राहते. शिवाय चाडीत गारा अडकल्या होत्या, त्यातल्या काही बाहेर उडाल्या असणार. म्हणजे ज्या दिवशी आकड्याची खरी गरज, नेमके त्याच दिवशी हे यंत्र कमी सांगते. मिनिटामिनिटाला पाऊस किती जोरात पडला हे मात्र फक्त तेच सांगू शकते. ते नळीला जमत नाही. आता दोन्ही आहेत, आणि संशय आला तर मी नळीचा आकडा धरतो.

१.३७ आणि १.६६ मधला फरक सात मिलीमीटर. अमेरिकन अंगणात तो गंमत म्हणून ठीक आहे. पण हे सगळे वाचताना माझे मन सतत दुसरीकडे जात होते, ते आता सांगतो.

२६ जुलै २००५ ला मी अकरावीत होतो. आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. बाबा फोर्टात नोकरीला. दुपारी दोननंतर आकाश जे फाटले ते फाटलेच. चारला उंबऱ्यावरून पाणी आत आले. आई, मी आणि बहीण वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. खाली कॉट तरंगताना जिन्यातून दिसत होती. फोन बंद. बाबांचे काय झाले असेल या विचाराने आईने रात्रभर खिडकी सोडली नाही. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले, कमरेपर्यंत चिखल. नंतर कित्येक वर्षे ते एकच वाक्य सांगत: "अहो, फोर्टात छत्रीचा पाऊस होता. मी नेहमीसारखा गाडी पकडायला निघालो."

ते अक्षरशः खरे होते. त्या चोवीस तासांत कुलाबा वेधशाळेत पाऊस ७३ मिलीमीटर. सांताक्रूझला ९४४. विहार तलावावर हजाराच्याही वर. कुलाबा ते सांताक्रूझ अंतर पंचवीसेक किलोमीटर. एवढ्या शहरासाठी हवामान खात्याच्या वेधशाळा तेव्हा दोनच, आणि दोघी एकमेकींशी अजिबात न पटणाऱ्या. दुपारी तीन वाजता कुर्ल्यात, कलिन्यात, घाटकोपरला, मिठीच्या काठाने काय चालले आहे, ते दक्षिणेकडच्या ऑफिसांत कोणाला आकड्यात कळायची सोय नव्हती. कळले असते तर बाबा ऑफिसातच थांबले असते. ते सुखरूप आले. शहरात चारशेच्या वर लोक गेले.

पुढे माधवराव चितळे यांच्या समितीने या पुराची चौकशी केली आणि महापालिकेने अग्निशमन केंद्रे वगैरे ठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली. आज मुंबईत कुठल्या भागात तासाभरात किती पडला ते फोनवर दिसते. चांगलेच झाले. पण फोर्ट कॉलिन्सचा नकाशा बघताना मला राहून राहून वाटते की कलिन्यात त्या दिवशी एकाही गच्चीवर एखादे माप असते तर? आमच्या इमारतीत दोन इंजिनिअर राहत होते. कोणालाही सुचले नव्हते. मलाही नाही, आणि मी विज्ञान शाखेत होतो!

मोजण्यात आपण मागे होतो असे मात्र कोणी समजू नये. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. हेन्रीने पहिला फॉर्म छापला तेव्हा तिथे नियमित नोंदी चालू होत्या. भारतीय हवामान खाते १८७५ चे, अमेरिकन सरकारी सेवेहून अवघे पाच वर्षांनी धाकटे. १९२८ मध्ये त्याचे कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुणेकर अजून त्याला 'सिमला ऑफिस' म्हणतात. आणि तालुक्यागणिक पर्जन्यमापक. तहसील कचेरीच्या आवारात, तारेच्या कुंपणात, जमिनीत अर्धवट गाडलेले ते भांडे तुम्ही पाहिले असेल. त्याला सायमन्सचे पर्जन्यमापक म्हणतात. हा जॉर्ज सायमन्स कोण? तर व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या पाद्री, जमीनदार, डॉक्टर अशा हौशी लोकांना पाऊस मोजायला लावून, १८६० पासून चाळीस वर्षे त्यांचे आकडे छापणारा माणूस. शेवटी त्याच्याकडे तीन हजारांवर लोक कळवत होते. त्याचे भांडे आपल्याकडे आले. त्याचे लोक आले नाहीत. आपल्याकडे भांडे कुंपणात गेले आणि मोजायचे काम कारकुनाकडे. पाऊस पडायचा सगळ्यांच्या शेतात, पण त्याची नोंद सरकारी.

याचा चटका माझ्या मामाने खाल्ला आहे. मामाची शेती मराठवाड्यात. मी पीएचडीला असताना एका सप्टेंबरात रात्रीत सोयाबीन पाण्याखाली गेले. नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टीचा निकष असतो: महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस. मंडळाचे माप मामाच्या शेतापासून नऊ किलोमीटरवर. तिथे नोंद झाली ६१. माप चुकले असे मी म्हणत नाही. तिथे ६१ च पडला असेल. फोर्ट कॉलिन्समध्ये नऊ किलोमीटरांत बारा इंचांचा फरक पडला होता, इथे चार मिलीमीटरची काय कथा. पण त्या चार मिलीमीटरने मामाचे वर्ष गेले. तो फोनवर म्हणाला, "माझ्या बांधावरनं म्हशी वाहून गेल्या असत्या, आणि कागदावर म्हणं पाऊस कमी पडला." २०१७ पासून राज्यात मंडळामंडळात स्वयंचलित केंद्रे बसली आहेत, नोंदी पूर्वीपेक्षा दाट आणि लवकर मिळतात. तरी एका मंडळात कितीतरी गावे असतात, आणि ढगाला मंडळाची हद्द ठाऊक नसते.

दोन वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा सामानात कोकोरॉझचे माप घेऊन गेलो होतो. विमानतळावर ते काय आहे हे समजावताना पाच मिनिटे गेली. शेतात खोपीपासून लांब, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडून, खांबाला बसवले. सकाळी साडेआठला वाचायचे, कारण आपल्याकडे हवामान खात्याची वेळ ती. मामाला इंच नकोत, म्हणून मी मिलीमीटरची पट्टी चिकटवून दिली. तो कालनिर्णयच्या चौकोनात आकडा लिहितो, मृग, आर्द्रा, पुष्य बघतच असतो, त्याच्या शेजारी. महिना संपला की पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. "हे समदं खरं हाय. पण हा आकडा तहसीलात चालंल का?" मी म्हटले, "नाही चालणार, मामा." इथे अमेरिकेत देशाचा दुष्काळाचा नकाशा दर आठवड्याला निघतो आणि त्यावर पशुपालकांची सरकारी मदत अवलंबून असते. तो काढणारे लोक कोकोरॉझचे आकडे बघतात. आपल्याकडे तशी वाट अजून नाही हे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग लिवून तर ठिवू."

आता शेजारच्या गावातल्या एका गुरुजींनी शाळेच्या अंगणात तसलेच माप लावले आहे. दोघांमध्ये अंतर पाच किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात एका दिवशी मामाकडे ४२ आणि गुरुजींकडे ९. दोघांनाही वाटले की दुसऱ्याने चुकीचे वाचले; फोनवर जरा वादही झाला म्हणे. मी दोन्ही आकडे माझ्या वहीत शेजारी-शेजारी उतरवले आहेत.

आज सकाळी माझ्या नळीत शून्य. कळवले. मामाचे पान अजून यायचे आहे.